दुसरं पाकीट

सरांच्या कोटाच्या खिशात कायम एक कात्री असायची. केशरी मुठीची, बोथट टोकाची, नर्सरीतल्या मुलांना देतात तसली. कॉलेजात धारदार काही बाळगायला बंदी होती आणि सर नियम पाळणारे होते, म्हणून ही. कॉव्हेंट्रीच्या आमच्या कॉलेजात, युनिव्हर्सिटीच्या आधीची जी दोन वर्षं असतात त्यांत, ते आम्हाला अमेरिकेचा इतिहास शिकवत. शिकवायच्या आधी ते कापत. जुन्या वर्तमानपत्राची, पत्राची, शेतावरच्या गुलामांच्या यादीची फोटोकॉपी घेतली की तिची वरची पट्टी कापून बाजूला काढायची. कोणी लिहिलं, कधी, कुठे छापलं, ते सगळं त्या पट्टीवर. उरलेला कागद एका मोठ्या पाकिटात आणि पट्टी दुसऱ्या, लहान पाकिटात, चिकटवून बंद.

पहिलं पाकीट तास सुरू होताना मिळायचं. दुसरं मागावं लागायचं, आणि नुसतं मागून मिळायचं नाही. त्याआधी चार प्रश्नांची उत्तरं समोरच्या कागदातूनच काढून दाखवायची. कोण सांगतंय? कोणाला सांगतंय? कशासाठी सांगतंय? आणि ज्याच्याबद्दल सांगतंय, त्याला कोणी विचारलं का?

चौथ्या प्रश्नाला वर्ग हमखास अडायचा. मग सर आमच्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभे राहत. ते सायकलवरून येत आणि पँटला लावलेल्या क्लिपा दिवसभर काढायला विसरत, त्यामुळे पाठमोरे ते कुठेतरी निघायच्या बेतात असल्यासारखे दिसायचे. पण घाई त्यांना कधीच नसे. कोणी कुरकुर केली तर म्हणायचे, "हा लिहिणारा मेलाय, तुम्ही सतरा वर्षांचे आहात. वेळ दोघांकडेही भरपूर आहे."

वर्गात हे सगळं अर्थात इंग्रजीत चालायचं. मराठी ते दोघांशीच बोलत, माझ्याशी आणि कागदांशी. मला ते अहो-जाहो करत, कागदांना अरे-तुरे. मी लवकर पोचले की दारातून ऐकू यायचं, "काय रे, कुठून आलास तू? खाली कोपऱ्यात फाटलायस कसा? कोणी फाडलं तुला?" मी आत गेले की न ओशाळता मान वर करत. "या. बसा. हे गृहस्थ आज बोलायला तयार नाहीत."

मी एकदा म्हटलं, "सर, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे. मला तुम्ही काय म्हणता?"

"उद्या तुमची साक्ष काढायची वेळ आली तर? साक्षीदाराला अगं-तुगं करत नाहीत."

मी हसले होते.

भारत सोडून आणि इंग्लंडात राहून हे अमेरिकेच्या इतिहासात कसे शिरले, हे आमच्या घरी माझ्या वडिलांना मोठं कोडं होतं. मी सरांना विचारलं तर म्हणाले, "भारताचा शिकवला की पालक भांडायला येतात. इंग्लंडचा शिकवला की प्रिन्सिपल येतात. अमेरिकेसाठी कोणी येत नाही. निवांत वाचता येतं." खरं कारण वेगळं होतं. ऐन तिशीत ते त्याच विषयावर पीएच.डी. करायला या देशात आले होते. ती कधी पुरी झाली नाही. दर वेळी आणखी एक प्रश्न राहायचा.

आमच्या मराठी मंडळात त्यांना कोणी माइक द्यायचं नाही, आणि त्याला कारण होतं. मंडळाची स्मरणिका निघणार होती. सेक्रेटरींनी सरांना गळ घातली, मंडळाचा इतिहास तुम्हीच लिहा. सरांनी तीन महिने घेतले. कोणाच्या तरी लॉफ्टमधून पहिल्या बैठकीची वही शोधून काढली. तिच्यात एकच विषय होता. चार कुटुंबांनी मिळून गणपती बसवला होता, प्रसादासाठी गुरुद्वारातून मोठं पातेलं मागून आणलं होतं, आणि शिरा करताना ते बुडाला करपलं होतं. परत द्यायला जायचं कोणी? एकट्याने जायला सगळेच कचरत होते, म्हणून समिती नेमली. पुढे त्याच समितीचं मंडळ झालं.

"सर, हे छापायचं?" सेक्रेटरी घामाघूम.

"म्हणजे काय! चार माणसांना करपलेल्या पातेल्याची लाज वाटली आणि ती एकत्र आली. याहून चांगल्या कारणाने निघालेली संस्था मला दाखवा."

स्मरणिकेत छापून आलं, 'आपल्या थोर संस्कृतीच्या जतनासाठी मंडळाची स्थापना झाली.' सरांनी आपल्या प्रतीत त्या ओळीशेजारी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला. पातेलं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे वडील नागपूरहून इंजिनियर म्हणून इथे आले तेव्हा त्यांच्या सामानात एक सुटकेस नुसत्या पत्रकांची होती. तरुणपणी ते चळवळीत होते. सभांची, मोर्चांची, संपांची पत्रकं, गुलाबी आणि पिवळ्या स्वस्त कागदावर छापलेली. मी मराठी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. इतर मुलींना गोष्टी वाचून दाखवत तेव्हा माझे बाबा मला 'जाहीर आवाहन' वाचून दाखवत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. अन्यायाला अन्याय म्हणायला मी त्या कागदांकडून शिकले आणि आजही त्याच बाजूला उभी आहे. बाबांचा एक नियम होता. "पत्रक वाचणारा माणूस चालता चालता वाचतो. त्याला थांबवू नकोस. एका दमात कळलं पाहिजे." माझी वाक्यं अजूनही तशीच येतात.

सरांनी माझ्या पहिल्या निबंधाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सगळं खरं असेल. पण तुमचा वाचक कुठे पळत निघाला आहे? त्याला खुर्ची द्या.' त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाल्या बाई' झाले. "काय पत्रकवाल्या बाई, आज कोणाचा धिक्कार?"

मला राग यायचा. खरं सांगायचं तर मला त्यांचा शांतपणाच सहन व्हायचा नाही. गुलामगिरीबद्दल एवढं हळू आवाजात कसं काय बोलता येतं?

त्यांच्या तासाला एक वही असायची. दर तासाला एक जण लेखनिक. वर्गात जे बोललं गेलं ते लिहायचं, आपल्याला जे वाटलं ते नाही. वर तारीख आणि लेखनिकाचं नाव. त्या तासाला पाळी माझी होती.

पाकिटातून जाहिरात निघाली. जुन्या वर्तमानपत्रातली, पळून गेलेल्या गुलाम बाईची. मालकाने तिचं वर्णन दिलं होतं. डाव्या हातावर भाजल्याची खूण. झपझप चालते. निळी शाल बरोबर नेली आहे. छापलेलं वाचता येतं. नदीपलीकडच्या शेतावर तिचा नवरा आहे, तिकडे गेली असण्याची शक्यता. आणून देणाऱ्याला बक्षीस.

हरवलेल्या सायकलीचं करावं तसं माणसाचं वर्णन. माझं डोकं तापलं. "सर, हे वाचायचं कशाला? हे फाडून टाकायला हवं."

"फाडा की. फोटोकॉपी आहे. पण आधी वाचा."

माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसायची. तिची आजी जमैकाहून आलेली, पूर्वज तिथल्या मळ्यांवर गुलाम. ती खूप वेळ कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "हा माणूस सांगतोय कशाला, की तिला वाचता येतं? गुलामांना शिकता येत नाही, असंच म्हणायचे ना हे लोक? हातावर भाजल्याची खूण आहे हेही? त्याने हे लपवायला हवं ना? त्याच्याच अंगाशी येतंय."

सर खिडकीपासून वळले. "इथे मालक खरं बोलतोय, कारण खोटं बोलला तर ती सापडणार नाही. त्याला ती परत हवी आहे. म्हणून ती कोण होती, हे त्याला कबूल करावं लागतंय."

मैत्रीण हळूच म्हणाली, "तिला वाचता येत होतं. नवरा होता. ती त्याच्याकडे निघाली होती. आणि हे आपल्याला तिच्या मालकाकडूनच कळतंय." सर चक्क खाली बसले. म्हणाले, "इतकी वर्षं हा कागद वाटतोय मी. इतकं नीट कोणी वाचलं नव्हतं."

हे सगळं मी वहीत लिहिलं. शब्दन् शब्द.

आणि त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. कॉलेजात तेव्हा अभ्यासक्रमाविरुद्ध आमची मोहीम चालू होती. गुलामगिरी आणि साम्राज्य इथे किती गुळमुळीत शिकवतात, याबद्दल. मागणी योग्य होती. आजही योग्य आहे. पत्रकाला एक उदाहरण हवं होतं, जळजळीत, एका दमात कळणारं. वहीतलं वाक्य माझ्या डोक्यात होतं आणि त्याचा पहिला भाग फार उपयोगाचा होता. मी लिहिलं, 'आपल्याच कॉलेजातले एक इतिहासाचे शिक्षक पळून गेलेल्या गुलाम स्त्रीच्या जाहिरातीबद्दल वर्गात सांगतात, "इथे मालक खरं बोलतोय." आपण हे ऐकून घेणार आहोत का?'

खाली सही 'काही विद्यार्थी'. वर नाव नाही, तारीख नाही.

सरांवर माझा रोख नव्हता, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण अमेरिकेचा इतिहास शिकवणारा कॉलेजात एकच माणूस होता, आणि हे मला लिहिताना माहीत होतं.

बाबांनी पत्रक दोनदा वाचलं. "वा! एक शब्द फाजील नाही." त्यांनी ते फ्रिजवर मॅग्नेटने लावलं.

पुढचं आठ दिवसांत झालं. पत्रक फोनवरून फिरलं, पालकांचे ईमेल आले, प्रिन्सिपलनी चौकशी समिती नेमली. सरांचा अमेरिकेचा वर्ग तात्पुरता काढून घेतला. अमेरिकेसाठी कोणी येत नाही म्हणायचे ना, त्यांच्यासाठी सगळे आले.

मी मैत्रिणीला मोठ्या उत्साहाने सांगितलं की पत्रक माझं आहे. वाटलं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "ते वाक्य तसं नव्हतं."

"पत्रकात सगळं मावत नाही गं."

"मला काय वाटलं त्या तासाला, ते विचारलंस कधी? माझ्या वतीने चिडलीस, आणि मला विचारलंच नाहीस?" ती समितीपुढे जाऊन सरांच्या बाजूने बोलून आली. मग दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. समितीने तिचं म्हणणं ऐकून घेतलं, पण एका विद्यार्थिनीच्या आठवणीवर निर्णय कसा द्यायचा? लेखी काही आहे का, असं त्यांनी सरांना विचारलं.

लेखी होतं. सरांच्याच कपाटात होतं.

दुपारच्या सुट्टीत सरांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. पँटला क्लिपा, काखेत ती वही. आवाज नेहमीसारखा.

"समितीने नोंद मागितली आहे. त्या दिवशीच्या तुम्ही लेखनिक होतात. वही त्यांना द्यायची तर तुमची परवानगी लागेल."

त्यांना कळलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर नावं कापलेले कागद ओळखले, त्याला माझं पत्रक ओळखायला किती वेळ लागला असेल? वही समितीपुढे गेली असती तर दोन गोष्टी एकदम दिसल्या असत्या. सर काय म्हणाले होते, आणि ते पूर्ण ऐकून, लिहून घेतलेल्या मुलीने काय केलं. अजून कोणी मला विचारलेलं नव्हतं. मोहिमेतले मला डोक्यावर घेऊन नाचत होते. युनिव्हर्सिटीचे अर्ज जायचे होते. बाबांचा फ्रिज होता.

मी म्हटलं, "नको, सर."

ते थोडा वेळ थांबले. मला आता वाटतं, ते आणखी एखाद्या वाक्याची वाट बघत होते. मग म्हणाले, "बरं." आणि वही काखेत धरून गेले.

ती वही त्यांचीच होती. त्यांना ती मला न विचारता देता आली असती. कोणीही दिली असती. मीही दिली असती.

समितीने त्यांच्यावर ठपका ठेवला नाही आणि त्यांना निर्दोषही म्हटलं नाही. 'संवेदनशील विषय हाताळताना भाषेचं भान राखावं' असं काहीतरी. अमेरिकेचा वर्ग त्यांना परत मिळाला नाही. परीक्षेचं तंत्र शिकवायला दिलं, म्हणजे उत्तराची सुरुवात कशी करावी, मुद्दे कुठे घालावेत. वर्ष संपलं आणि सर मुदतीआधीच निवृत्त झाले. नव्या बाई आल्या. त्यांच्या तासाला सगळ्या कागदांवर वरची पट्टी होती, खाली उत्तरही होतं.

मी एडिनबराला शिकायला गेले. तिथेच राहिले. लिहायला लागले, सभांमधून बोलायला लागले. माझी वाक्यं लोक पोस्टरवर लिहितात. दर ख्रिसमसला घरी येत होते. बाबांच्या घरापासून सरांचं घर चालत वीस मिनिटांवर. एकदा त्यांच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले. काय विचारायचं ते ठरत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मंडळाच्या ग्रुपवर सर गेल्याचा मेसेज आला. 'थोर इतिहासकार आणि मंडळाचे आधारस्तंभ.' सरांनी यातल्या दोन्ही गोष्टींना पुरावा मागितला असता.

कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी दुपारी शोकसभा होती. सेक्रेटरी म्हणाले, तू त्यांची विद्यार्थिनी, तू बोल. मी कागदावर सगळं लिहून नेलं होतं. वहीचं, पत्रकाचं, कॉरिडॉरमधलं. उभी राहिले आणि पातेल्याची गोष्ट सांगितली. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. छान बोललीस म्हणाले. कागद माझ्या खिशातच राहिला.

चहाच्या वेळी सरांच्या पत्नी माझ्याजवळ आल्या. मी त्यांना याआधी एकदाच पाहिलं होतं.

"तूच का ती पत्रकवाली?"

मी नुसती मान हलवली.

त्यांनी पिशवीतून एक मोठं पाकीट काढलं. "हे तुझं. ते म्हणायचे, ती मागायला येईल. आली की द्या, आणि चहा केल्याशिवाय सोडू नका. मी म्हणायचे, अहो, पोस्टाने पाठवून टाका ना. तर नाही. मागितल्याशिवाय द्यायचं नाही. सुट्ट्या लागल्या की विचारायचे, कोणी येऊन गेलं का?" त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "आता घर आवरतेय, बहिणीकडे राहायला जाणार आहे. त्यांचा नियम मी मोडला. रागावतील."

घरी येऊन उघडलं. आत वहीचं ते पान होतं, माझ्या अक्षरातलं. वरची पट्टी कापलेली, कडा थोडी वाकडी, बोथट कात्रीने होते तशी. माझं नाव त्यांनी तेव्हाच कापलं असणार, वही कोणाच्या हाती लागली तरी मी सापडू नये म्हणून. पानाच्या शेवटी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ऐकलं तसं लिहिलं आहे. काही गाळलेलं नाही. साक्षीदार विश्वासार्ह.'

पानाला टाचून एक लहान पाकीट होतं, चिकटवून बंद केलेलं.

दुसऱ्या दिवशी मी पानाची प्रत आणि माझं नाव घालून लिहिलेलं सविस्तर पत्र कॉलेजला पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अतिशय सभ्य. संबंधित प्रकरण बंद झालेलं आहे. त्या वेळची कागदपत्रं मुदत संपल्यामुळे नष्ट करण्यात आली आहेत. आपण कळवल्याबद्दल आभार. मैत्रिणीलाही लिहिलं. तिने उत्तर दिलं नाही, आणि ते द्यायला ती बांधील नाही.

म्हणून ते वाक्य मी इथे लिहून ठेवते. वर्गात ते असं म्हणाले होते: इथे मालक खरं बोलतोय, कारण खोटं बोलला तर ती सापडणार नाही.

लहान पाकीट माझ्या टेबलावर आहे. आत माझं नाव आणि ती तारीख आहे, हे मला न बघता माहीत आहे. कात्रीने एका क्षणात उघडता येईल. पण ते मागून घ्यायचं होतं.